उघडी चौकट

१

दुपारची लाईट आली की शुद्धोधन टीव्हीवरचा कपडा काढायचा, गेमचा डबा जोडायचा आणि गोणीत हात घालून एकेक कॅसेट लावून बघायचा. चालली तर उजवीकडं, मेली तर डावीकडं. मानवतच्या मोंढ्यात, बाजारपेठेत, दिनकररावांचं रेडिओ-टेपचं दुकान होतं, तिथलं हे त्याचं रोजचं काम. कॅसेटी मुंबईहून गोणीत भरून आल्या होत्या, हरभरा यावा तशा. ना डबी, ना वर चित्र. ब्याण्णवची दिवाळी तोंडावर आलेली. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या पोरांना हा टीव्ही-गेम पाहिजे होता, आणि ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्या पोरांना तर जास्तच.

गोणीतल्या निम्म्या कॅसेटी एकाच गेमच्या निघाल्या. तिच्यात मारामारी नाही, गाड्या नाहीत. चार बाय चारच्या पटावर पंधरा तुकडे आणि एक घर रिकामं. रिकाम्या घरात शेजारचा तुकडा सरकवायचा, त्याच्या जागी दुसरा, असं करत विस्कटलेलं चित्र जुळवायचं. बस. पोरं तिला पंधरावाली म्हणायची आणि बाजूला टाकायची.

दिनकररावांनी कपाळाला हात लावला. “हे कोण घेणार बाप्पा? हे तर शाळेसारखं हाय.”

“डबीवरचं चित्र भारी असलं तर घेतेत,” शुद्धोधन म्हणाला.

“मग तूच निवड. तुला लय कळतं ना? निवड चित्र, परभणीला डब्या छापू. माल उठला तर बाजूच्या गाळ्यात गेमचं काउंटर टाकतो, तुझ्या ताब्यात देतो. न्हाई उठला तर...”

त्यांनी गोणीला पाय मारला.

‘तुला लय कळतं’ हे अख्ख्या मानवतनं त्याच्या पाठीला चिकटवलेलं लेबल होतं. परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘तुम्हाला काय, सगळं बसल्या जागी मिळतंय.’ त्यानं प्रॅक्टिकलचं बुक सरांच्या टेबलावर आपटलं आणि तडक एसटी स्टँड गाठलं. बाप सिताराम बाजार समितीत शिपाई. तो म्हणाला, सोसायला शिक. शुद्धोधन म्हणाला, तुमी दोघांच्या वाटणीचं सोसलंय. अठ्ठ्याहत्तरला देवगाव फाट्याजवळचं गाव त्यांनी रातोरात सोडलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. का सोडलं म्हणून विचारलं की घरात भाकरी थापायचा आवाज मोठा व्हायचा. त्या पिढीला दोनच गोष्टी जमायच्या, गप्प बसणं आणि गप्प बसा म्हणणं. ते काउंटर झालं तर त्याला कुणाच्याच तोंडाकडं बघायची वेळ येणार नव्हती.

चित्रं निवडायची त्याची एक रीत होती. चित्र शोकेसमध्ये सेल आणि गाण्यांच्या कॅसेटींच्या मधोमध ठेवायचं, समोरच्या पानटपरीवर जाऊन उभं राहायचं आणि डोळे अर्धे मिटून बघायचं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांना जे दिसतं तेच गिऱ्हाइकाला रस्त्यानं जाताना दिसतं.

पहिलं चित्र होतं जळत्या कड्यातून उडी मारणाऱ्या वाघाचं. दिनकरराव खूश. “वाघच टाक. वाघाला कुणी न्हाई म्हणत न्हाई.”

“वाघ पाहून घरी नेतील, लावतील, आत निघतील तुकडे. दुसऱ्या दिवशी वापस आणून तुमच्याच तोंडावर मारतील. डबीनं खोटं बोलू नये.”

दुसरं, गुबगुबीत बाळ. “हे दुधाची पावडर वाटायलंय,” शुद्धोधन म्हणाला. तिसऱ्यावर नुसते एक ते पंधरा आकडे. “हे तर खरंच शाळा हाय.”

“मग आता देवाला बोलवू का चित्र काढायला?” दिनकरराव चिडले.

“देव कशाला? किशन पेंटर हाय की.”

२

किशनराव पेंटर टॉकीजच्या मागच्या खोलीत राहायचे. उभं आयुष्य त्यांनी टॉकीजचे बोर्ड रंगवले. मग पोस्टरं मुंबईहून छापून यायला लागली आणि त्यांच्याकडं उरल्या दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरच्या घोषणा. शुद्धोधनचा त्यांच्यावर जुना राग होता. टॉकीजच्या कंपाउंडच्या एका अंगाला ‘नामांतर झालेच पाहिजे’ आणि दुसऱ्या अंगाला ‘नामांतर होऊ देणार नाही’, दोन्ही त्यांच्याच हातचं, एकाच निळ्या रंगातलं. अक्षर मात्र असं, की रागानं थुंकायला गेलेला माणूस वेलांटी बघत उभा राहावा.

“अक्षराला बाजू नसती लेका,” ते एकदा म्हणाले होते.

“माणसाला असती,” शुद्धोधननं तिथंच सुनावलं होतं. म्हातारा हसला होता. रागही येत नव्हता त्याला, हीच तर चीड.

पण हाताचं कौतुक वेगळं आणि माणसाचं वेगळं, एवढं शुद्धोधनला कळत होतं.

खोलीत एक पलंग, एक पत्र्याची ट्रंक, भिंतीवर कॅलेंडर, खुंटीला सदरा. डाव्या भिंतीत खिडकी, समोर परसात उघडणारं हिरवं दार. किशनराव खिडकीला डावा खांदा देऊन बसलेले. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं उजेड डावीकडूनच घ्यावा, नाहीतर आपल्याच हाताची सावली कामावर पडते.

“झालं का काका?”

“झालं म्हण की. एवढं शेवटचं घर तुझं.”

त्यांची कामाची पद्धत सगळ्या गावाला माहीत होती. पुठ्ठा आधी काळा करायचा, वर चौकटी आखायच्या. मग वर कागद झाकून एका वेळी एकच घर उघडायचं, तेवढंच रंगवायचं, झाकायचं, पुढचं उघडायचं. पूर्ण चित्र शेवटपर्यंत त्यांनाही दिसायचं नाही. आणि शेवटचं घर ते स्वतः कधीच भरायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात ब्रश द्यायचे, कसाही फराटा मारा म्हणायचे, मग वरून सारखं करून घ्यायचे. ज्याचं चित्र त्याच्या हातानं बंद व्हावं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी कागद बाजूला केला.

शुद्धोधननं डोळे अर्धे मिटले, आणि लगेच पुन्हा पूर्ण उघडले.

शाळेच्या पाटीएवढा पुठ्ठा. त्यावर हीच खोली, पंधरा तुकड्यांत विस्कटलेली. पलंगाचा पाय वरच्या कोपऱ्यात, खिडकीचा अर्धा गज तळाशी, सदऱ्याची बाही एकीकडं आणि कॉलर दुसरीकडं. रंग मोजके, पण उजेड असा ओतलेला, की खिडकीचा तुकडा कुठंही असो, दुपार तिथूनच येतेय असं वाटावं. डोळा थांबत नव्हता. बाही कॉलरकडं ओढायचा, गज गजाला लावू बघायचा. माणूस नुसता बघत उभा असायचा आणि आतल्या आत खेळायला लागलेला असायचा. तुकड्यांत सगळी खोली होती, फक्त ते हिरवं दार नव्हतं. एक घर अजून काळंच होतं, दार तिथं यायचं होतं.

“घे ब्रश,” किशनराव म्हणाले. “हिरवा भिजवून ठेवलाय.”

“न्हाई. हे असंच ठेवायचं.”

“असंच म्हंजे?”

“उघडं. काका, पंधरावालीत रिकामं घर हाय म्हणून तुकडे हलतेत. ते भरलं की पट मेला. तुमचं हे चित्र जिवंत हाय ते ह्या काळ्या घरामुळं. भरलं की नुसती खोली हाय, तीबी तुमची, पोपडे आलेली.”

किशनरावांनी ब्रश खाली ठेवला नाही. “उघड्या चौकटीचं चित्र मी दारातून बाहेर जाऊ दिलं न्हाई कधी.”

“कामून? काय होतं?”

“काय होतं ते कशाला बघायचं? माझ्या वस्तादानं सांगितलं, मी ऐकलं.”

“हेच! तुमच्या लोकांचं सगळं आयुष्य ह्याच्यात गेलं. वर कुणी सांगितलं, खाली तुमी ऐकलं. भिंतीच्या दोनी अंगांनी दोघांचंबी ऐकलं.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. परसातून सरजाबाई, त्यांची बायको, ओरडली, “घेऊन जाऊ द्या की ओ त्याला! पोरगं तोंडभरून चांगलं म्हणायलंय, ते दिसंना का?”

तेवढ्यानं काम झालं. कौतुक कुणाला नको असतं? किशनरावांनी पुठ्ठा दिला, पण उंबऱ्याशी त्याचं मनगट धरलं. “ज्यानं उघडी ठेवली त्यानंच भरायची असती. एवढं ध्यानात असू दे.”

३

वाघाकडं लोक बघायचे आणि पुढं जायचे. या चित्रापुढं ते थांबायला लागले.

कापसाच्या रुईचं ओझं पाठीवर घेतलेला हमाल वाकल्या वाकल्या थांबला. दोन मास्तर बोलता बोलता गप्प झाले. भाजीची पिशवी घेतलेली बाई मान एकदा इकडं, एकदा तिकडं करत राहिली. शुद्धोधन टपरीवरून बघत होता. निवड त्याची होती. काळं घर उघडं ठेवायचा निकाल त्याचा होता. आणि तो बरोबर होता.

“बरं दिसायलंय,” दिनकरराव म्हणाले. हे त्यांच्या तोंडून म्हणजे हार-तुऱ्यासारखं होतं. “पण वाघ...”

“वाघ राहू द्या आता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली, त्यानं टीव्हीवरचा कपडा काढला, आणि सहज शोकेसकडं बघितलं. काळं घर त्याला दुसऱ्या ओळीत आठवत होतं. ते आता एक घर खाली होतं.

आपल्याला नीट आठवत नसेल. दिवसभर पंधरावाली खेळलं की डोळे मिटल्यावरही तुकडे सरकतात, हे तर त्याला माहीतच होतं. तरी त्यानं काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कापला आणि काचेवर, काळ्या घराच्या बरोबर पुढं चिकटवला. शोकेसला कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला बांधली.

पुढच्या दुपारी टेपचा तुकडा सदऱ्याच्या बाहीवर होता. काळं घर त्याच्या उजवीकडं.

त्यानं कुलूप उघडलं, पुठ्ठा बाहेर काढला, उजेडात धरला, नखानं खरवडला. रंग वाळून खडखडीत झालेला. तुकड्यांच्या कडांना कुठं उकललेलं नाही, वर दुसरा हात फिरवलेला नाही. बाहीच्या तुकड्याखाली तसाच घट्ट वाळलेला रंग, जणू तो पहिल्यापासून तिथंच होता.

किशनरावांनी दुसरं चित्र काढून आणून ठेवलं का? किल्ली आपल्याकडं. दिनकररावांनी चेष्टा केली? दिनकररावांना चेष्टा जमत असती तर दुकान जास्त चाललं असतं. शिवाय असं चित्र मानवतमध्ये एकाच हातातून उतरत होतं.

मग तो रोज बघायला लागला. कुणाला बोलला नाही. ‘तुला लय कळतं’ म्हणणाऱ्या गावाला हे सांगून वर आणखी काय चिकटवून घ्यायचं? आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा त्याला दुसरंच काहीतरी वाटत होतं. पंधरावाली त्याच्याइतकी कुणी खेळली नव्हती. चाल बघून खेळणारा कसा आहे ते त्याला कळायचं. शिकाऊ माणूस एक तुकडा बसवायला दोन बसलेले मोडतो. हा जो कोण होता तो एकही चाल वाया घालवत नव्हता. बाही कॉलरला मिळाली. खिडकीचे गज जुळले. कॅलेंडर भिंतीवर सरळ झालं. इतकं स्वच्छ खेळताना शुद्धोधननं कुणाला बघितलं नव्हतं.

वा, तो मनात म्हणाला. आणि मग आपण हे कुणाला म्हणालो, या विचारानं त्यानं काचेवरचा हात काढून घेतला.

४

तो टॉकीजच्या मागं गेला तेव्हा किशनराव एका पाटीवर वाकलेले होते, आणि चिडलेले होते. या माणसाला चिडलेलं त्यानं कधीच बघितलं नव्हतं.

“रेघ दिसंना रे. हाताची सावलीच पडायली कामावर.”

“मग खिडकीला डावा खांदा द्या की.”

“तसाच बसलोय की मी.”

ते तसेच बसलेले होते. समोर परसाचं हिरवं दार, मागं यायचं दार, सगळं नेहमीसारखं. पण उजेड उजवीकडून येत होता. शुद्धोधननं बघितलं, खिडकी उजव्या भिंतीत होती.

तो उंबऱ्यातच थांबला. खिडकी पहिल्यापासून उजवीकडंच असेल, एवढं कोण ध्यान देतं? आपण त्या दिवशी चित्राकडं बघत होतो, खिडकीकडं नाही. पण त्या दिवशीच्या उजेडाचं आपण मनात केवढं कौतुक केलं होतं! डाव्या खांद्यावरून आलेला उजेड.

आणि सदरा. खुंटी भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. सदऱ्याच्या बाह्या फरशीवर लोळत होत्या.

“काकू,” त्यानं जमेल तितक्या सहज विचारलं, “खोलीत काही हलवाहलव केली का?”

सरजाबाई परसाच्या दाराशी चूल फुंकत होती. “काय हलवणार? पलंग न्हाई तर ट्रंक. खिडकी काय मी उचलून ठेवली का?” ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यात राहिलं. “परवापासून मलाबी सापडंना झालंय काही. हात लावावा तिथं भिंतच लागती. ह्यांना मोतीबिंदू हाय, मला काय झालं?”

किशनरावांनी पाटी बाजूला ठेवली. “शुद्धोधना, चित्र कसं हाय?”

“लय लोक बघतेत, काका.”

“ते न्हाई इचारलं. जुळायलंय का?”

शुद्धोधन गप्प राहिला. आणि गप्प राहिल्याबरोबर त्याला स्वतःचा राग आला, कारण हेच तर तो मोठ्यांचं काढत होता.

“होय,” तो म्हणाला. “जुळायलंय.”

म्हातारा घाबरला नाही. तेच वाईट होतं. त्याच्या डोळ्यांत टॉकीजला नवा खेळ लागल्यावर पोरांच्या डोळ्यांत यायचं तसं काहीतरी आलं. “चाल कशी हाय त्याची?”

“एक वाया न्हाई.”

“हां,” किशनराव म्हणाले. “मला वाटलंच. हात चांगला असंल.”

“काका, ते घर तुमीच भरून टाका. आत्ता घेऊन येतो.”

“माझ्यानं होत न्हाई ते. झालं असतं तर उंबऱ्यावर तुझं मनगट कशाला धरलं असतं?”

५

दिनकररावांनी नांदेडच्या व्यापाऱ्याला बोलावून चित्र दाखवलं होतं. व्यापारी शोकेसपुढं इतका वेळ उभा राहिला की त्याचा चहा गार झाला. मग म्हणाला, पाचशे डब्या माझ्या, पण हेच चित्र पाहिजे, आणि ते काळं घर आहे तसंच.

“घे,” दिनकररावांनी बाजूच्या गाळ्याचं शटर वर केलं. आत धूळ आणि एक मोडकं स्टूल. “झाड-पूस करून घे. प्रेसचा माणूस दुपारच्या गाडीनं यायलाय, चित्र घेऊन जाईल. मानलं बाप्पा तुला. मी वाघच टाकला असता.”

शुद्धोधन त्या रिकाम्या गाळ्यात उभा राहिला. इथं काउंटर, तिथं टीव्ही, वर ट्यूब. बापाला एकदा इथं आणून बसवायचं आणि काही न बोलता चहा पाजायचा. एवढंच पाहिजे होतं त्याला. फार नव्हतं.

“मालक, ते काळं घर भरून घेऊ का? बरं दिसंल.”

“डोकं ठिकाणावर हाय का? तूच म्हणला ना, रिकामं घर हाय म्हणून चित्र जित्तं हाय? त्या व्यापाऱ्यानं त्याच्यावरच माल घेतला. भरलंस तर डब्याबी गेल्या, गाळाबी गेला. वाघच टाकीन मग मी.”

ते खरंच होतं. चित्राबद्दल शुद्धोधन जे म्हणाला होता ते सगळं खरं होतं.

चित्रात एकच चाल उरली होती. ट्रंकेचा तुकडा एक घर सरकला की खोली जुळणार होती. त्यानं ठरवलं, डोळा हलवायचाच नाही. माणूस बघत असताना वाळलेला रंग कसा सरकेल? तो शोकेसला नाक लावून बसला. सकाळ गेली. कुणीतरी दोन सेल मागितले, त्यानं न बघता काढून दिले. मग त्या माणसानं विचारलं, “हे चालू हायत का, का जुनेच?” आणि शुद्धोधननं सेलकडं बघितलं. नुसतं बघितलं.

परत वळला तेव्हा खोली पूर्ण होती.

एवढं सुंदर काम त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं. कुठं सांधा दिसत नव्हता. पलंग, ट्रंक, सदरा, खिडकी, दुपार, आणि समोर, परसाच्या दाराच्या जागी, ते काळं घर. पलंगावरच्या गादीत खड्डा पडलेला होता, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा. तो खड्डा किशनरावांनी काढलेला नव्हता.

त्यानं पुठ्ठा काखेत मारला आणि पळत सुटला. मागून दिनकरराव ओरडले, “अरे, तो प्रेसवाला उतरला असंल स्टँडवर!”

६

टॉकीजच्या मागं ऊन रणरणत होतं. सरजाबाई शेजारणीच्या चुलीवर चहा करून आणायला निघालेली. “जा, आतच हायत,” ती म्हणाली.

चित्र जुळलं होतं आणि खोली विस्कटली होती. खिडकी फरशीला टेकली होती आणि तिच्यात आभाळ होतं. ट्रंक डोक्याच्या वर कोनाड्यात बसलेली. एकच गोष्ट जागेवर होती, आणि ती होती समोरच्या भिंतीतली दाराची जागा. दार मात्र नव्हतं. तिथं काळं होतं, कडा पट्टीनं आखल्यासारख्या. मागं परस असायला पाहिजे होतं, पण उन्हाचा एक कवडसाही त्यातून येत नव्हता.

किशनराव तिथं उभे होते. एक पाय आत.

“काका!”

“हळू बोल,” ते वळले नाहीत. “काम चालू हाय आत.”

“कुणाचं काम? या इकडं.”

“काय हात हाय रे, शुद्धोधना. आखणी बघ. एक रेघ हलली न्हाई.” त्यांचं बोट हवेत ती रेघ ओढत होतं. “जिंदगीत मी असा हात बघितला न्हाई. नुसतं जवळून बघून येतो.”

आणि ते गेले. पावलं आधी फरशीवर वाजली, मग वेगळीच वाजायला लागली, कोऱ्या कागदावरून कुणी चालावं तशी.

शुद्धोधननं पुठ्ठा पलंगावर टेकवला. हिरव्या रंगाचा डबा शोधायला त्याला आढ्याकडं हात घालावा लागला. ब्रश बुडवला आणि पुठ्ठ्यावरच्या काळ्या घराशी नेला. काडेपेटीएवढं ते घर. त्यात खोल कुठंतरी बारीक उजेड होता. त्या उजेडात किशनरावांची पाठ दिसत होती, आणि त्यांच्यापुढं कुणीतरी बसलेलं. त्याच्या उघड्या दंडावर उभ्या-आडव्या बारीक रेघा आखलेल्या होत्या. रेघा खांद्यावरून गळ्यावर, गळ्यावरून चेहऱ्यावर गेलेल्या. चेहऱ्याची काही घरं भरलेली होती, बाकीची अजून नव्हती. त्या बसलेल्यानं आपला ब्रश हातभर पुढं उभा धरला, एक डोळा मिटला, आणि किशनरावांचं माप घेतलं.

“काका, या! मी दार लावायलोय!”

आतली पावलं थांबली. मग वळली. कागदावरून येऊ लागली.

तो कडेपासून भरत आला. गाळा गेला, तो मनात म्हणाला, वाघ आला. एक फळी. दुसरी फळी. पावलं जवळ आली होती, पण ती एका माणसाची होती की दोघांची, हे काही केल्या कळत नव्हतं. थांबावं तर किती थांबावं? त्यानं बोटाएवढी फट ठेवली. दाराच्या बाजूनं गार वारा आला आणि कुणीतरी त्याच्या कानाजवळून खोलीत शिरलं. त्यानं वर बघितलं नाही. डोळा ब्रशवर होता. मागं अजून पाऊल वाजल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात त्यानं फट भरली. लावलेली कडी रंगवली. कडीवर उजेडाचा एक ठिपका दिला.

खोली जागेवर आली होती. डावीकडं खिडकी, खुंटीला सदरा, समोर हिरवं दार, कडी लावलेली. दाराच्या पलीकडं काही वाजत नव्हतं.

पलंगावर त्याच्याकडं पाठ करून कुणीतरी बसलं होतं, धोतराच्या सोग्याला हात पुसत.

“काका?”

“बरं लावलंस,” किशनरावांचाच आवाज होता. हात लांब करून त्यांनी पुठ्ठा घेतला, उजेडात धरला. “रेघ लय सरळ आली रे. चांगला हात हाय तुझा.”

शुद्धोधन फरशीवर बसला आणि हसायला लागला. काउंटर गेलं होतं, प्रेसचा माणूस रिकाम्या हातानं परत जाणार होता, गाव पुन्हा ‘लय कळतं’ म्हणणार होतं, आणि त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. म्हातारा बाहेर आला होता.

पुढच्या दारानं सरजाबाई चहा घेऊन आली. “घ्या, गार होईल,” म्हणत ती पलंगाच्या पुढं गेली, तिनं कप पुढं केला, आणि वर बघितलं.

ती तशीच दोन पावलं मागं सरली. कप तिनं खाली ठेवला. किशनरावांबरोबर चाळीस वर्षं संसार केलेल्या त्या बाईनं पदर डोक्यावर घेतला, कपाळाच्या खाली ओढला, आणि तोंड भिंतीकडं करून शुद्धोधनला हळूच विचारलं,

“पाव्हणे कुठले म्हणायचे, बाबा?”